गावातील दोन भट्ट्या

मराठी भाषेत 'भट्टी' हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो. लोहार लोखंड तापवितो ती भट्टी आणि दारू गाळली जाते तीही भट्टीच. विदर्भाच्या गावरहाटीत या दोन भट्ट्या शतकानुशतके एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर नांदत आल्या. एकीकडे दिवसा शेतकऱ्यांची गर्दी असे, दुसरीकडे दिवेलागणीनंतर. आज वाशीम जिल्ह्यातील एखाद्या मोठ्या, आठवडी बाजाराच्या गावात गेले तर यांपैकी एक भट्टी बहुधा थंड झालेली आढळते. लोहाराचा भाता कोपऱ्यात फाटून पडलेला असतो, ऐरण अंगणात रुतलेली असते आणि घरातील तरुण मुलगा पुणे किंवा औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून गेलेला असतो. दुसरी भट्टी गावातून नाहीशी झाली आहे खरी. पण तिच्या जागी देशी दारूचे परवानाधारक दुकान पक्क्या इमारतीत उभे आहे, आणि त्याचा धंदा अवर्षणातही थांबत नाही.

हा बदल 'काळाचा महिमा' म्हणून सोडून देण्याची प्रथा आहे. यंत्रयुग आले, लोहार गेला. माणसाला व्यसन जडते, दारू राहिली, असे म्हणून विषय संपविला जातो. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे स्पष्टीकरण अपुरे आहे. या दोन व्यवसायांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला असता असे दिसते की, एका भट्टीला प्रत्येक राजवटीने आपल्या हिशेबवहीत जागा दिली आणि दुसरीची नोंद कोणत्याही वहीत कधी झालीच नाही. ज्याची नोंद होते त्याचे रक्षण होते. ज्याची होत नाही ते नष्ट झाले तरी कोणाला कळत नाही.

बलुत्यातला आणि बलुत्याबाहेरचा

जुन्या गावगाड्यात लोहाराचे स्थान वरचे होते. बारा बलुतेदारांच्या ज्या तीन 'कासा' मानल्या जात, त्यांतील थोरल्या कासेत सुताराबरोबर लोहार असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आले आहे. लोहाराने वर्षभर शेतकऱ्याची अवजारे दुरुस्त करावीत आणि शेतकऱ्याने खळ्यावर त्याला ठरलेले धान्य द्यावे, असा हा करार होता. वऱ्हाडात हे धान्य मुख्यतः ज्वारी असे. वखराची पास, नांगराचा फाळ, तिफणीचे फण, डवऱ्याच्या पाती, विळे, खुरपी, कुऱ्हाडी ही सारी कामे त्यात येत. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविणे हे तर गावाने पाहावे असे काम होते. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे, म्हणजे ती आक्रसून लाकडाला घट्ट आवळते. हे काम एकट्याने होत नसे. सुतार, लोहार, गाडीचा मालक आणि शेजारी एकत्र येत.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बलुत्याचा करार हा जातीने बांधलेला करार होता. लोहाराच्या मुलाने लोहारच व्हावे, खळ्यावर हात पसरूनच वाटा घ्यावा आणि अवर्षणात रिकाम्या हाताने परतावे, हा त्याचा दुसरा भाग होता. ज्यांना बलुत्यातही जागा नव्हती त्या घिसाडी कुटुंबांची स्थिती तर याहून हलाखीची होती. गावोगाव पाल ठोकून राहणाऱ्या या भटक्या लोहारांत पुरुष तापलेले लोखंड सांडशीत धरतो आणि बाई घण मारते. तरी त्यांच्या श्रमाचा भाव गावानेच ठरवावा असा रिवाज होता. तथापि या व्यवस्थेत एक आर्थिक वस्तुस्थिती होती, ती विसरता येत नाही. लोहाराची कमाई गावच्या पिकाशी बांधलेली होती. पीक बुडाले तर तोही बुडे. म्हणून पेरणी वेळेवर व्हावी यात त्याचा स्वतःचा स्वार्थ होता.

कलालाचे तसे नव्हते. बारा बलुतेदारांत त्याला स्थान नव्हते. मोहाच्या फुलांची दारू गाळणारा हा व्यावसायिक गावात राहत असला तरी त्याचा करार गावाशी नसून सरकारशी होता. 'आबकारी' हा फारसी शब्दच सांगतो की हे खाते इंग्रजांच्याही आधीचे आहे. राज्यकर्ता कोणीही असो, दारूच्या भट्टीवर कर बसे आणि तो रोख द्यावा लागे. लोहार धान्यात जगत होता, कलाल नाण्यांत. या एका फरकात पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज आहे.

कापसाचा पैसा कोठे गेला

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्या प्रांतात वाशीम हा काही काळ स्वतंत्र जिल्हाही होता. १९०५ च्या फेररचनेत तो मोडला, वाशीम अकोला जिल्ह्यात गेले आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण झाले. एकेकाळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी असलेले हे गाव इंग्रजांच्या दृष्टीने मात्र कापसाच्या काळ्या मातीचा मुलूख होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. त्याच दशकात भुसावळ-नागपूर लोहमार्ग झाला. कारंजासारख्या बाजारपेठा भरभराटीला आल्या. शेतकऱ्याच्या हातात प्रथमच मोठ्या प्रमाणावर रोख पैसा खेळू लागला.

हा पैसा सरकारला सारा म्हणून परत हवा होता, सावकाराला व्याज म्हणून हवा होता आणि उरलेला दारूच्या दुकानात यावा अशी आबकारी खात्याची रचना होती. आरंभी ठेकेदाराने आपल्या दुकानीच दारू गाळावी असा प्रकार असे. पुढे गाळप मोठ्या कारखान्यांत एकवटण्यात आले आणि गावात केवळ विक्रीचे दुकान राहिले. त्या दुकानाचा ठेका लिलावाने दिला जाई. लिलावाच्या पद्धतीचा परिणाम समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याने चढी बोली केली त्याला ती रक्कम वसूल करण्यासाठी अधिक दारू खपविणे भाग पडे. त्याने ती खपविली की पुढच्या वर्षीची बोली आणखी चढे. उत्पन्न वाढले म्हणून खात्याच्या अधिकाऱ्याची वाहवा होई. 'कमीत कमी पिणे आणि जास्तीत जास्त महसूल' हे सरकारचे जाहीर धोरण होते. प्रत्यक्षात त्यांतला दुसरा अर्धा भागच तेवढा नेटाने पाळला गेला.

याला विरोध झाला नाही असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठविला होता. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले. वऱ्हाडात गाडगे महाराजांनी आपल्या कीर्तनांतून आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आपल्या भजनांतून दारू सोडण्याचा उपदेश खेड्यापाड्यांत पोहोचविला. परंतु उपदेश माणसाला होता आणि लिलाव सरकारी होता. या झुंजीत बळ कोणाकडे अधिक होते हे सांगावयास नको.

लोखंडाची वाट

याच काळात लोहाराच्या पायाखालची जमीनही सरकू लागली. वऱ्हाडाच्या काळ्या दगडात लोहखनिज नाही. विदर्भात ते पूर्वेकडे चांदा भागात सापडे, आणि तेथील लोहारा, देवलगाव यांसारख्या ठिकाणी लोणारी कोळशावर देशी लोखंड गाळले जात असे. विलायती लोखंडाच्या पट्ट्या आगगाडीने येऊ लागल्यावर या गाळपाचा बाजार उठला. गावच्या लोहाराला प्रथम यात लाभच झाला, कारण कच्चा माल स्वस्त मिळू लागला. परंतु त्याबरोबर त्याचा माल आणि त्याचा भाव दोन्ही दूरच्या बाजाराच्या हाती गेले.

१९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. तो आरंभी कोणी विकत घेईना. लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे हाच नांगर महाराष्ट्रभर गेला आणि त्याने शेतीचे कल्याण केले, याविषयी दुमत नाही. परंतु लाकडी नांगराचा फाळ गावचा लोहार ऐरणीवर घडवीत होता. ओतीव लोखंड मात्र घणाखाली घडत नाही, ते फुटते. अवजार कारखान्याचे झाले, तसा त्याचा सुटा भागही कारखान्याचाच घ्यावा लागला. पुढे रबरी चाकांच्या गाड्या आल्या आणि धाव चढविण्याचे काम संपले. ट्रॅक्टर आला, त्याबरोबर पेरणीयंत्र आणि रोटाव्हेटर आले. ज्वारीचे क्षेत्र घटले, सोयाबीन जिल्ह्याचे मुख्य पीक झाले, आणि ज्वारीबरोबर खळ्यावरचे बलुतेही गेले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. यंत्रे बदलली म्हणून दुरुस्तीची गरज संपली काय? वस्तुतः ती वाढली. रोटाव्हेटरच्या पाती झिजतात, पेरणीयंत्राचे फण वाकतात, ट्रॉलीचे जोड उखडतात. जे लोहार टिकले ते टिकले ते याच कामावर. भात्याच्या जागी विजेचा पंखा आला, घणाच्या जोडीला वेल्डिंगचे यंत्र आले. परंतु या बदलासाठी लागणारे भांडवल त्यांना सावकाराकडून उभे करावे लागले, विद्या दुसऱ्याच्या दुकानात उमेदवारी करून मिळवावी लागली. ज्यांना हे जमले नाही ते शेतमजूर झाले किंवा शहरात गेले.

बंदी, परवाना आणि मळी

दारूच्या भट्टीचा उत्तरार्ध याहून उद्बोधक आहे. १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली आणि १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ साली या विभागालाही लागू झाला. दुकाने बंद झाली. दारू मात्र बंद झाली नाही. ती नाल्याकाठी, जंगलात गेली. हातभट्टीचा व्यवसाय फोफावला आणि त्यासाठी तांड्यांकडे, पालांकडे बोट दाखविण्याची सोय गावाला झाली. पिणारे गावातले होते हे मात्र कोणी सांगितले नाही.

बंदीचा हा अनुभव घेऊन राज्याने सत्तरीच्या दशकाच्या आरंभी धोरण शिथिल केले. वाशीमशेजारच्या पुसद भागाचे सुपुत्र वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले आणि परवानाधारक दुकाने गावोगाव उघडली. विषारी हातभट्टीपेक्षा तपासलेली दारू बरी, हा त्यामागील युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. २०१५ साली मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक गरिबांचा बळी घेतला, ही घटना त्याची आठवण करून देते.

परंतु या नव्या व्यवस्थेत एक मूलगामी बदल झाला, त्याची चर्चा क्वचितच झाली. मोहाची दारू निदान आसपासच्या रानातून येत होती. फुले वेचणाऱ्या बायकांच्या हाती चार पैसे पडत होते. नवी देशी दारू ही मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीपासून होणाऱ्या मद्यार्काची. म्हणजे कोरडवाहू वाशीमच्या शेतमजुराने कमावलेला रुपया बागायती उसाच्या मुलखाकडे आणि राज्याच्या तिजोरीकडे चालता झाला. गावात काय राहिले? दुकानातील एका नोकराचा पगार आणि रिकाम्या बाटल्या. परवाना हीच एक मालमत्ता बनली, आणि तिचा धनी पुष्कळदा गावाबाहेर राहू लागला.

२००७ साली तर राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क तयार करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याची योजना आणली. ज्वारीला भाव मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. डॉ. अभय बंग आदींनी त्या योजनेला जाहीर विरोध केला. यातील विरोधाभास इतिहासाच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटणार नाही. ज्या ज्वारीतून कधीकाळी लोहाराचे बलुते निघत होते, तीच ज्वारी गाळण्यासाठी सरकारी पैसा उपलब्ध झाला. लोहाराच्या भात्यासाठी त्या वर्षी कोणी अनुदान मागितले नाही आणि कोणी दिलेही नाही.

एका गावाचा हिशेब

१० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविण्याचा निर्णय घेतला. देशी दारूवरील शुल्क प्रुफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले. १८० मिलिलिटरच्या देशी दारूच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. या साऱ्या निर्णयातून १४ हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षिण्यात आले. त्याआधीच या खात्याचे वार्षिक उत्पन्न २० हजार कोटींच्या पुढे गेले होते.

हे आकडे राज्याचे झाले. गावाचा हिशेब कोणी मांडत नाही, तो उदाहरणादाखल मांडून पाहावा. एखादा मजूर वर्षातील ३०० दिवस रोज एक बाटली पितो असे धरले, तर त्याचे २४,००० रुपये होतात. गावात असे ५० जण असले, तर वर्षाला १२ लाख रुपये गावाबाहेर जातात. पाचशे उंबऱ्यांच्या गावात हा अंदाज अतिशयोक्त वाटू नये. आता दुसरी बाजू पाहू. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली. १८ पारंपरिक व्यवसायांत लोहाराचा समावेश झाला. त्यात हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. योजना स्वागतार्ह आहे. परंतु १५,००० रुपये म्हणजे एका माणसाच्या सुमारे १८८ बाटल्या. एका पिणाऱ्याकडून साडेसात महिन्यांत जेवढा पैसा दुकानात जमा होतो, तेवढ्यात एक भट्टी पुन्हा पेटू शकते.

लोहाराची भट्टी गावाला काय देते, याचा हिशेब रुपयांत मांडणे कठीण आहे, म्हणूनच तो कधी मांडला गेला नाही. काळ्या जमिनीतील शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. मृगाचा पाऊस पडून जमीन वाफशावर येते, तो वाफसा दोन-चार दिवस टिकतो. त्याच दिवशी तिफणीचा फण मोडला किंवा पेरणीयंत्राची दांडी वाकली, आणि गावात दुरुस्ती करणारा नसला, तर तालुक्याच्या गावी जावे लागते. तेथे त्या आठवड्यात प्रत्येक दुकानासमोर रांग असते. दोन दिवस गेले, वर पुन्हा पाऊस आला किंवा ऊन पडून माती आवळली, की पेरणी उशिरा होते आणि उशिरा झालेल्या पेरणीचा उतारा घटतो. हे नुकसान शेतकऱ्याच्या कर्जाच्या खात्यात जमा होते. त्यावर 'गावात लोहार नसल्यामुळे' असे कोणी लिहीत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या मदत योजनेत विदर्भातील जे सहा जिल्हे होते, त्यांत वाशीम होता. २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही तो होता. अशा जिल्ह्यात पेरणीचे दोन दिवस ही लहान गोष्ट नव्हे.

आक्षेप आणि उत्तरे

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, अवजारे भाड्याने देणारी केंद्रे आता निघाली आहेत, मग लोहार कशाला? नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून वाशीमसह १५ जिल्ह्यांत अशा केंद्रांना साहाय्य मिळाले, हे खरे आहे. परंतु यंत्र भाड्याने मिळणे आणि ते गावात दुरुस्त होणे या भिन्न गोष्टी आहेत. दुरुस्त करणारा माणूस नसेल तर यंत्रांची संख्या वाढण्याबरोबर पडून राहिलेल्या यंत्रांचीही संख्या वाढते.

दुसरा आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. मजुराने स्वकष्टाच्या पैशाचे काय करावे हे त्याने ठरवावे, हे तत्त्वतः मान्य. परंतु जो बाजार शंभर-दीडशे वर्षे लिलावाने, परवान्याने आणि अनुदानाने उभारला गेला, त्यातील निवडीला केवळ वैयक्तिक निवड म्हणता येत नाही. शिवाय या निवडीची किंमत पिणाऱ्यापेक्षा त्याची बायको आणि मुले अधिक मोजतात.

तिसरा आक्षेप असा की, बंदी फसते. वर्धा जिल्ह्यात सत्तरीच्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविण्यात आली. सरसकट बंदीच्या यशाविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु प्रश्न बंदीचा किंवा मोकळिकीचा एवढाच नाही. दुकान गावात असावे की नाही हे गावाने ठरवावे, हा तो प्रश्न आहे. २००८ सालच्या नियमांनी त्यासाठी मतदानाची वाट खुली केली. गावातील २५ टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी लेखी मागणी केली, तर गुप्त मतदान होते आणि 'आडवी बाटली' विजयी झाली तर दुकान बंद होते. महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या स्त्रियांनी ही लढाई जिंकली आहे.

मात्र या नियमात एक मेख आहे. दुकान बंद होण्यासाठी मतदानास आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. आमदार किंवा खासदार निवडताना अशी अट नसते. लग्न होऊन सासरी गेलेली पण यादीत नाव राहिलेली मुलगी, हंगामी मजुरीसाठी बाहेरगावी गेलेली बाई आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी, या तिघींचेही मत या पद्धतीत दुकान राहावे या बाजूने मोजल्यासारखे होते. जिथे हाताला काम नाही म्हणून माणसे गाव सोडतात, तिथे गैरहजेरीचा लाभ दारूच्या दुकानाला मिळतो, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

काय करता येईल

यावर उपाय अवघड नाहीत. ते करण्याची इच्छा हवी. मतदानास आलेल्यांच्या बहुमताने दुकानाचा निर्णय व्हावा, एवढी दुरुस्ती नियमात करता येईल. प्रत्येक परवानाधारक दुकानाची वार्षिक विक्री आणि तीतून राज्याला मिळालेले शुल्क ग्रामसभेपुढे वाचून दाखविण्याची सक्ती करता येईल. कर भरणाऱ्या गावाला आपण किती भरतो हे कळणे हा लोकशाहीतील किमान हक्क आहे. त्या शुल्कातील एक लहानसा हिस्सा त्याच गावात अवजार दुरुस्तीच्या शाळेसाठी द्यावा. तेथे काम करणारा माणूस जातीने लोहारच असावा असे नाही. तो लोहार असेल, घिसाडी असेल किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वेल्डिंग शिकून आलेला कोणत्याही घरचा मुलगा किंवा मुलगी असेल. जुन्या व्यवस्थेतील जात टाकून द्यावी आणि त्यातील सोय ठेवावी, एवढेच अपेक्षित आहे. विश्वकर्मा योजनेतील हत्यारांचा संच ऐरणीपुरता न ठेवता त्यात वेल्डिंगच्या यंत्राचा विचार व्हावा, आणि अशा कारागिराला वीज परवडेल अशा दराने मिळावी.

यावर अर्थखाते म्हणेल की, महसुलाचा असा गावनिहाय वाटा काढण्याची प्रथा नाही. प्रथा नाही हे खरे. पण दारूचा ठेका लिलावात काढण्याचीही प्रथा एके दिवशी कोणीतरी सुरू केलीच होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वऱ्हाडातील गावांत अवजारांची पूजा होते. ज्या घरांत अजून ऐरण आहे तेथे तिला हळदकुंकू वाहिले जाते. ट्रॅक्टरलाही झेंडूची माळ घातली जाते. त्याच सुमारास सोयाबीनची सोंगणी सुरू असते, मजुरीचे पैसे हातात येतात आणि देशी दारूच्या दुकानाची वर्षातील चांगली विक्री सुरू होते. वाशीम जिल्ह्यातील ग्रामसभांनी पुढच्या बैठकीत या दोन भट्ट्यांचा हिशेब एकाच कागदावर मांडण्याचा ठराव केला, तर निदान गावाचा पैसा कोणत्या वाटेने जातो हे गावाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पुढचे काय करायचे ते ठरविण्याइतके शहाणपण आणि अधिकार दोन्ही गावाकडे आहेत.